संगीत नियतकालिकांची दृश्यरचना

संगीतविषयक नियतकालिकाचे मुखपृष्ठ, अक्षरे, छायाचित्रे, रंग आणि पानांची मांडणी यांची, विशेषतः तरुण वाचक डोळ्यांसमोर ठेवून केलेली योजना. कागदाला आवाज नसतो. त्यामुळे अंकात ज्या संगीताविषयी लिहिले आहे त्याचा बाज वाचण्याआधी नजरेलाच कळावा लागतो, आणि ‘हे आपल्यासाठी आहे’ ही खूण तरुणाला पटावी लागते.

पहिली खूण नावाच्या अक्षरांत असते. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ‘रोलिंग स्टोन’चे नाव रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकाराने रेखाटले, रॉक मैफलींच्या भित्तिपत्रकांवरची वळणदार अक्षरे तरुणांच्या आधीच ओळखीची होती. ब्रिटनमधील ‘केरँग!’ (१९८१) हे नाव म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर जोरात छेडलेल्या तारांचा आवाज, आणि त्याची अक्षरे तडकलेल्या काचेसारखी. हेवी मेटल या दणदणीत रॉक-संगीताच्या चाहत्याला आणखी काही सांगावे लागत नाही.

छायाचित्राचे बळ सर्वांत ठळकपणे दिसते ते ‘रोलिंग स्टोन’च्या २२ जानेवारी १९८१ च्या अंकात. त्याच्या मुखपृष्ठावरचे, ‘बीटल्स’चे गायक जॉन लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचे छायाचित्र ॲनी लीबोविट्झ यांनी लेननच्या हत्येच्या काही तास आधी टिपले होते. मुखपृष्ठावर एकही मथळा छापला नाही. इतके दुःख असताना शब्द मागे घेणे हाही रचनेचाच निर्णय, आणि तो अचूक होता.

किशोरवयीनांसाठी वेगळी युक्ती लागते. निक लोगन यांनी १९७८ मध्ये काढलेल्या ‘स्मॅश हिट्स’मध्ये गाण्यांचे शब्द आणि रंगीत छायाचित्रे असत, पाने कापून खोलीच्या भिंतीवर लावण्याजोगी. अशा अंकांतले मधले जोडपान पोस्टरसाठी सोयीचे, कारण टाचण्या उचलल्या की ते अखंड हाती येते. मात्र चेहरा घडीवर येणार नाही हे बघावे लागते. याच्या उलट पंक या बंडखोर रॉक-संगीताचे लंडनमधील पत्रक ‘स्निफिन ग्लू’ (१९७६): टंकलेखन, जाड पेनाने लिहिलेले मथळे, फोटोकॉपी. त्या ओबडधोबड पानात ‘तूही काढू शकतोस’ हे आवाहन होते.

लोगन यांच्याच ‘द फेस’ या मासिकात रचनाकार नेव्हिल ब्रॉडी यांनी १९८१ ते १९८६ या काळात मथळ्यांसाठी स्वतः अक्षरे घडवली. अनुक्रमणिकेवरचा ‘कंटेंट्स’ हा शब्द त्यांनी अंकागणिक थोडाथोडा मोडत नेला; नेहमीच्या वाचकाला तो तरीही ओळखता येई. डेव्हिड कार्सन यांनी ‘रे गन’ या अमेरिकी संगीत मासिकात (१९९२ पासून) याहून मोठी उडी घेतली. ब्रिटिश गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्यांनी ती चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली. एक शब्दही वाचता येईना. अशा मोडतोडीवर टीका झाली आणि तिचे अनुकरणही झाले. ही रीत चालते ती त्या संगीतावर आधीच जीव असलेल्या वाचकापुढे. नवख्याला ती दारातूनच परतवते.

‘एनएमई’ (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) या ब्रिटिश संगीत नियतकालिकाचा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये थांबला. कागदाऐवजी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले की मुखपृष्ठ नखाएवढे होऊन जाते. तिथे बारीक मथळे दिसेनासे होतात आणि एक चेहरा, एक रंग व नावाची अक्षरे एवढ्यावरच सारी भिस्त राहते.