अमायलॉइडविरोधी उपचार

अल्झायमर आजारात चेतापेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात. ते प्रतिपिंडांच्या साहाय्याने काढून टाकण्याची ही उपचारपद्धती आहे. या प्रथिनापासूनच आजाराची सुरुवात होते, हा तर्क जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडला. त्यावर बेतलेली औषधे पुढची तीस वर्षे एकामागून एक चाचण्यांत नापास होत गेली.

लेकॅनेमॅबने चित्र बदलले. दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिल्या जाणाऱ्या या औषधाला जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली; वर्षभराने डोनानेमॅब या तशाच औषधालाही मिळाली. लेकॅनेमॅबच्या चाचणीत आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ रुग्ण होते. त्यांतल्या औषध घेणाऱ्यांची घसरण दीड वर्षात न घेणाऱ्यांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी मंदावली, ही बातमी जगभर झाली. मात्र हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. स्मरण, निर्णयशक्ती, घरकाम, स्वतःची निगा अशा बाबी रुग्णाला आणि त्याच्या माणसांना विचारून १८ गुणांच्या पट्टीवर नोंदवल्या गेल्या. औषध घेणारे सरासरी १.२१ गुणांनी खालावले, न घेणारे १.६६ गुणांनी. फरक अर्ध्या गुणाहून कमी. गेलेली आठवण परत येत नाही आणि घसरण थांबतही नाही, हे उपचार सुरू करण्यापूर्वी घरच्यांना स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. स्कॅनवर अमायलॉइड जवळजवळ नाहीसे झाले तरी आजार पुढे सरकतो, कारण तोवर पेशींच्या आत टाऊ प्रथिनाच्या गाठी झालेल्या असतात.

या औषधांमुळे काही रुग्णांच्या मेंदूला सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका सर्वाधिक असतो.

भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. पुष्कळ घरांत ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ म्हणून लक्षणे सोडून दिली जातात आणि हे औषध उपयोगी पडण्याचा काळ निघून जातो. त्यामुळे आपल्याकडे औषधाइतकेच महत्त्व लवकर निदानाला आहे. अमायलॉइडच्या खात्रीसाठी मेंदूचा पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातले पाणी काढणे बराच काळ अपरिहार्य होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेने पी-टाऊ२१७ हे टाऊ प्रथिनाचे एक रूप मोजून अमायलॉइडचा माग काढणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. ती लक्षणे दिसू लागलेल्या ५५ वर्षांपुढील रुग्णांसाठी आहे.