चिकुनगुन्या विषाणू

चिकुनगुन्या विषाणू : ताप व तीव्र सांधेदुखी घडविणारा, एडिस डासांमार्फत पसरणारा विषाणू. टोगाव्हिरिडी कुलातील अल्फाव्हायरस या प्रजातीत त्याची गणना होते. त्याचा जनुकसंच सुमारे १२,००० न्यूक्लिओटाइडांच्या एकसरी आरएनएचा असतो. ताप सहसा आठवड्याभरात उतरतो. मनगटे, घोटे व बोटांचे सांधे मात्र काही रुग्णांत महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे धरलेले राहतात. विषाणूवर थेट गुणकारी औषध नाही. पाण्याचे साठे झाकणे, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळणे, गप्पी मासे सोडणे हे प्रतिबंधाचे उपाय डेंग्यूप्रमाणेच आहेत.

पूर्वेतिहास : रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन टांगानिकाच्या (आताच्या टांझानियाच्या) दक्षिणेकडील माकोंडे पठारावर १९५२-५३ मध्ये आलेल्या साथीवरून झाले. मॅरियन रॉबिन्सन यांनी लक्षणे आणि डब्ल्यू. एच. आर. लम्सडेन यांनी साथीचे स्वरूप नोंदविले (१९५५). विषाणू अलग करण्याचे काम आर. डब्ल्यू. रॉस यांचे. रोग याहून जुना असावा याविषयी फारसे दुमत नाही. किती जुना, हा वादाचा विषय आहे.

बटेव्हियात (आताचे जकार्ता) १७७९ साली आलेल्या सांधेदुखीच्या तापाचे डेव्हिड बायलॉन यांनी केलेले वर्णन दीर्घकाळ डेंग्यूची आद्य नोंद मानले जाई. वेल्लोर येथे विषाणुसंशोधन केलेले डॉनल्ड कॅरी यांनी १९७१ मध्ये वेगळे मत मांडले. बटेव्हियाची साथ, तसेच १८२३ ची झांझिबारमधील, १८२४ ची कोलकात्यातील आणि १८२७-२८ ची वेस्ट इंडीजमधील साथ चिकुनगुन्याची असावी, असे त्यांचे म्हणणे. ताप गेल्यावरही रेंगाळणारी सांधेदुखी डेंग्यूत सहसा दिसत नाही, हा त्यांचा मुख्य आधार होता. स्कॉट हाल्स्टेड यांनी २०१५ मध्ये या मताला बळ दिले. त्याच वर्षी गोरो कुनो यांनी जुन्या वर्णनांवरून असे निदान करण्यास हरकत घेतली. हरकत दुर्लक्षिण्याजोगी नाही: १९६३ मध्ये कोलकात्यात व १९६४ मध्ये वेल्लोरला दोन्ही विषाणू एकाच वेळी फिरत होते, आणि प्रयोगशाळा नसती तर ते वेगळे करणे कठीण गेले असते. तरीही झांझिबारपुरते कॅरी यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे १८७० मध्ये साथ पुन्हा आली, तेव्हा १८२३ चा रोग तो हाच, अशी वृद्ध रहिवाशांनी दिलेली ओळख जेम्स क्रिस्टी या डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहे. बटेव्हियाचा पुरावा इतका भक्कम नाही. शिवाय जनुकीय कालगणनेनुसार (जनुकांत साचत गेलेल्या बदलांवरून काढलेल्या काळानुसार) विषाणूचा आशियाई वंश आफ्रिकी वंशापासून फुटला तो सुमारे गेल्या दीडशे वर्षांतच. तेव्हा १७७९ ची साथ चिकुनगुन्याची असलीच, तर तिचा वंश पुढे टिकला नसावा.

भारतातील संशोधन : आशियात विषाणू प्रथम बँकॉकला (१९५८) आणि भारतात कोलकात्याला (१९६३) सापडला. पुढे चेन्नई, वेल्लोर, नागपूर अशा साथी आल्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९७३ मध्ये आलेल्या साथीत आजारी पडलेल्यांचे प्रमाण सुमारे ३७.५ टक्के भरले. नंतर रोग जणू नाहीसा झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील (स्थापना १९५२, १९७८ पर्यंत विषाणू संशोधन केंद्र) खुर्शीद पावरी यांनी १९८६ मध्ये या लोपाकडे मुद्दाम लक्ष वेधले. एकदा रोग झालेल्यांना दीर्घ प्रतिकारशक्ती लाभते, आणि आफ्रिकेच्या जंगलांतील माकडांसारखा विषाणूचा साठा आशियात निर्विवादपणे आढळलेला नाही. लोपाचे हे कारण सर्वसाधारणपणे मानले जाते.

बत्तीस वर्षांच्या खंडानंतर, २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्रात रोग उसळला. २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. हा जुना आशियाई वंश नव्हता. पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी वंशाचा हा विषाणू हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील वाणाशी जवळजवळ एकरूप होता. तो २००५ मध्येच बाहेरून आला, असा निष्कर्ष सहज निघाला असता. परंतु पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत गावात २००० साली पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून अलग केलेला विषाणू पुण्याच्या संस्थेत जपलेला होता. विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी त्याचा जनुकक्रम तपासला (२००७), तेव्हा तोही आफ्रिकी वंशाचाच निघाला. बार्शीचा वाण मात्र आशियाई होता. म्हणजे साथीच्या किमान पाच वर्षे आधी नवा वंश महाराष्ट्रात पोहोचलेला होता. यवतचा वाण २००६ च्या साथीचा थेट पूर्वज ठरत नाही, तरी त्या एका नमुन्याचे मोल फार मोठे आहे.

डास आणि उत्परिवर्तन : रियुनियनवर २००५-०६ मध्ये सुमारे एकतृतीयांश लोकसंख्या आजारी पडली. वाहक होता एडिस आल्बोपिक्टस. साथीच्या आरंभीच्या नमुन्यांत विषाणूच्या आवरणातील ई-१ प्रथिनाच्या २२६ व्या स्थानी ॲलनिन हे अमिनो आम्ल होते. सप्टेंबर २००५ नंतरच्या बहुतेक नमुन्यांत तेथे व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आढळले. एवढ्या बदलाने विषाणू आल्बोपिक्टसच्या शरीरात कितीतरी सहज रुजतो, हे अमेरिकेतील गॅल्व्हस्टन येथील प्रयोगांनी दाखविले (२००७). भारतातील २००६ च्या वाणांत हा बदल नव्हता. केरळात तो २००७ मध्ये दिसला. आल्बोपिक्टस मूळचा आशियातला असूनही आशियाई वंशाने त्याच्याशी जुळवून का घेतले नाही, याचे उत्तर त्याच प्रथिनाच्या ९८ व्या स्थानी मिळते: तेथील थ्रिओनिन या अमिनो आम्लामुळे २२६ चा बदल निष्प्रभ ठरतो. हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. पेशीत शिरताना विषाणू ज्याला बिलगतो तो एमएक्सआरए-८ हा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन) २०१८ मध्ये ओळखला गेला.

संबंधित विषाणू (कंसांत प्रथम आढळ) : ओन्योंग-न्योंग (युगांडा, १९५९, वाहक ॲनॉफेलिस डास), मायारो (त्रिनिदाद, १९५४), रॉस रिव्हर (ऑस्ट्रेलिया) आणि सिंडबिस (ईजिप्त, १९५२).

लस : थायलंडच्या १९६२ मधील वाणापासून अमेरिकी लष्कराने तयार केलेल्या दुर्बलित लशीने सुमारे ८ टक्के स्वयंसेवकांत सांधेदुखी उद्भवली व ती लस मागे पडली. रियुनियनच्या वाणापासून केलेल्या जिवंत लशीला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मुख्यतः वृद्धांतील गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील परवाना स्थगित झाला. विषाणुसदृश कणांपासून बनविलेली दुसरी लस फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य झाली. तिच्यात जिवंत विषाणू नसतो.