एकपडदा चित्रपटगृहांचा ऱ्हास (सोलापूर)

घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवा रुळल्यानंतर देशभर एकपडदा चित्रपटगृहांचा प्रेक्षक आटत गेला आणि अनेकांना कुलूप लागले. सोलापुरात हे घडले ते गिरण्या बंद पडून हातातला पैसा कमी झालेल्या, तरीही सिनेमाचे वेड न सुटलेल्या शहरात. त्यामुळे सगळा दोष मोबाइलवर ढकलून येथे भागत नाही.

सोलापूरची जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, त्यांच्यामागून यंत्रमाग आणि विडी कारखाने आले. पाळी सुटली की मोकळा वेळ आणि पगार झाला की खिशात चार पैसे, यांवर टॉकीजचा गल्ला ठरत असे. प्रेक्षकही एकभाषी नव्हता. पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर समाज, कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने घरोघरी कन्नड, बाजारात मराठी आणि दखनी हिंदी. म्हणून तेलुगू चित्रपट येथे डब न होता मूळ भाषेतच चालतो, आणि आपल्या नायकाचा चित्रपट लागला की सकाळच्या पहिल्या खेळालाच गर्दी उसळते. मल्टिप्लेक्स हा शब्द रूढ होण्याआधीपासून एकाच आवारात अनेक पडदे चालवणारे भागवत चित्रमंदिर याच शहरातले. शहराबाहेर जत्रा-यात्रांमध्ये तंबूतला सिनेमा होता. तिथे तिकीट स्वस्त, बैठक जमिनीवर, आणि प्रेक्षकांत वर्षातून एखादाच सिनेमा पाहणारेही बरेच.

एकपडदा थिएटरचे पोट नव्या चित्रपटावर भरत होते असे सर्रास समजले जाते, ते अर्धेच खरे आहे. नव्या चित्रपटाच्या तिकीटविक्रीतला मोठा वाटा वितरक घेऊन जात असे. काही वेळा मालकाला ठरावीक रकमेची हमीच द्यावी लागे आणि चित्रपट पडला तर नुकसान त्याच्या माथी. खात्रीची कमाई होती ती फिरून लागणाऱ्या जुन्या चित्रपटांची. दहा वर्षांपूर्वीचा मारधाडपट, एखादा पौराणिक, मॅटिनीला लागलेला जुना संगीतप्रधान चित्रपट. भाडे थोडे, जाहिरात म्हणजे भिंतीवरची चार पोस्टरे, आणि प्रेक्षक हमखास, कारण तो चित्रपट दुसरीकडे कुठे पाहायलाच मिळत नव्हता. स्ट्रीमिंगने नेमकी ही दुसऱ्या फेरीची कमाई संपवली. नव्या चित्रपटाचा पहिला शुक्रवार अजून थिएटरचा आहे. पुढचे सगळे दिवस घरच्या पडद्याचे.

प्रोजेक्शनच्या खोलीत हा धंदा फार मेहनतीचा होता. चित्रपट पेट्यांतून येई. एक रीळ साधारण वीस मिनिटांचे, म्हणून शेजारी शेजारी दोन यंत्रे. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटला की ऑपरेटरने दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची, दुसऱ्या ठिपक्याला प्रकाश तिकडे वळवायचा. झेनॉन दिवे येण्याआधी उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा असे. कांड्या जळत जात, तसे त्यांतले अंतर सारखे करत राहावे लागे. जरा दुर्लक्ष झाले की पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या. काही वेळा एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवत, आणि संपलेले रीळ सायकलवर घालून दुसरीकडे पोहोचवायला एक पोरगा ठेवलेला असे. तो वाटेत अडकला की मध्यंतर लांबायचे.

पहिले घाव स्ट्रीमिंगच्या कितीतरी आधीचे. 1982 मध्ये रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ भाड्याचे व्हिडिओ, 1990 च्या दशकात केबल. केबलवाला नवा चित्रपट चोरून दाखवी, तेव्हाही मालकांची ओरड हीच होती. त्याच सुमारास गिरण्या बंद पडत गेल्या आणि पाळीवाला प्रेक्षक ओसरला. राज्याचा करमणूक कर 45 टक्के होता. मराठी चित्रपटांना त्यातून सूट असे. 1 जुलै 2017 पासून त्याची जागा जीएसटीने घेतली, शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 28 टक्के. पुढे तो 18 वर आला. सप्टेंबर 2025 मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर 5 टक्के झाला. एकपडदा थिएटरला हा खरा दिलासा, फक्त तो पोहोचेपर्यंत बरीच दारे बंद झाली होती.

डिजिटल प्रक्षेपणाने उपकार केला आणि घातही. पूर्वी प्रिंटची संख्या मोजकी, त्यामुळे मुंबई-पुण्यात चित्रपट चालून झाला की तो लहान शहरांकडे उतरत असे. उपग्रहावरून चित्रपट मिळू लागल्यावर सगळीकडे एकाच शुक्रवारी तो झळकू लागला. रिळांची ने-आण आणि प्रिंट झिजण्याची कटकट संपली. पण महिनोन् महिने रेंगाळणारी कमाई पहिल्या दहा दिवसांत उरकू लागली, आणि नंतर थिएटरात लावायला काही उरेना.

2016 हे वर्ष या साऱ्यात विलक्षण आहे. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबरात जिओने मोबाइल डेटा स्वस्त केला, डिसेंबरात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ आले. हॉटस्टार आदल्याच वर्षी सुरू झाले होते. आणि 29 एप्रिलला ‘सैराट’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रीकरणही बरेचसे करमाळ्याच्या परिसरातले. शंभर कोटींपलीकडे कमाई करणारा हा पहिला मराठी चित्रपट. खेड्यापाड्यांतून लोक गाड्या भरून टॉकीजला आले, पडद्यासमोर नाचले. म्हणजे जिल्ह्याने थिएटरचा सर्वांत मोठा उत्सव साजरा केला त्याच वर्षी थिएटरची गरज संपवणारी यंत्रणा लोकांच्या खिशात येऊन बसत होती.

करोनाने राहिलेली सवय मोडली. मार्च 2020 मध्ये बंद झालेली राज्यातील चित्रपटगृहे 5 नोव्हेंबर 2020 पासून निम्म्या आसनांवर उघडली, 2021 च्या वसंतात पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत सुरू झाली. दरम्यान मोठ्या नटांचे चित्रपट थेट मोबाइलवर येऊ लागले होते. बंद थिएटरचाही खर्च थांबत नाही: वीजजोडणीचा स्थिर आकार, मालमत्ता कर, परवाना, राखणदार. उंदरांनी कुरतडलेल्या खुर्च्या आणि ओल धरलेला पडदा बदलायला भांडवल हवे, आणि ते घालण्याइतका भरवसा धंद्यात उरला नव्हता.

त्यानंतर हिंदी चित्रपट प्रदर्शनानंतर आठ आठवड्यांनी स्ट्रीमिंगवर यावा असा आग्रह मल्टिप्लेक्स साखळ्यांनी धरला. दक्षिणेतले अनेक चित्रपट चार आठवड्यांतच येतात. या वादात ऑक्टोबर 2023 मध्ये ‘लिओ’ या तमिळ चित्रपटाची हिंदी आवृत्ती राष्ट्रीय साखळ्यांनी लावलीच नाही आणि ती एकपडदा थिएटरांच्या वाट्याला आली. पण प्रेक्षकाने हिशेब केव्हाच केला आहे. चौघांचे कुटुंब, तिकिटे, पेट्रोल, मध्यंतरातले पॉपकॉर्न; त्यापेक्षा दोन महिने थांबलेले बरे. अडचण अशी की घरातला सिनेमा बहुधा एकट्याचा असतो. पूर्वी विडी वळणाऱ्या बायका शेजारणींसह दुपारच्या खेळाला जात. त्यांच्यासाठी ती घराबाहेर पडण्याच्या मोजक्या संधींपैकी एक होती, आणि हातातल्या मोबाइलने तेवढी काही भरून दिलेली नाही.

बंद पडलेल्या टॉकीजच्या जागेचे पुढे काय, हा प्रश्न मालकांना सर्वांत जास्त छळतो. भर पेठेतली मोक्याची जमीन, पण थिएटर पाडून नवी इमारत उभारताना त्यात काही आसनांचे चित्रपटगृह ठेवण्याची अट राज्यात आहे, आणि ती शिथिल करावी अशी मालकांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. अटीचा हेतू चांगला असला तरी तोट्यातला धंदा सक्तीने चालत नाही. त्यामुळे अशा इमारती वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात. पत्त्यांत मात्र टॉकीज टिकून आहेत. ‘गेंट्याल टॉकीजजवळ’ एवढे सांगितले की सोलापुरात रिक्षावाला पुढे काही विचारत नाही.

अलीकडे जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित करण्याची लाट आली. 2018 चा ‘तुंबाड’ स्ट्रीमिंगवर उपलब्ध असूनही सप्टेंबर 2024 मध्ये परत लागला आणि मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई करून गेला. जुन्या टॉकीजचा धंदा असाच होता, परंतु या पुनःप्रदर्शनांचा लाभ प्रामुख्याने मल्टिप्लेक्सना झाला.