अग्निबंदी

कोरड्या हवामानात वणवे लागू नयेत म्हणून उघड्यावर आग पेटवण्यास प्रशासनाने ठरावीक काळासाठी केलेली मनाई. वारा कोणाच्या ताब्यात नसतो आणि डोंगरभर वाळलेले गवत काढून टाकणेही शक्य नसते. थांबवता येते ती ठिणगीच. अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के वणवे माणसांमुळे लागतात.

बंदी केव्हा लागू करायची हे नुसत्या तापमानावरून ठरत नाही. हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि पाऊस होऊन किती दिवस झाले, यांवरून धोक्याची पातळी काढतात. वाळलेले गवत, पालापाचोळा आणि ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काटक्या हवेतला बदल तासाभरात टिपतात. त्यामुळे सकाळी दवाने ओले असलेले गवत दुपारी भडकू शकते. ‘सकाळी तर पेटतही नव्हते’ ही सबब अशा दिवसांत कामाची नाही. ऑस्ट्रेलियात वणव्याचा धोका मोजणारा जुना मॅकआर्थर निर्देशांक ० ते १०० असा होता. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात तो शंभराच्याही पुढे गेला आणि त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. त्यानंतर तेथे ‘विनाशकारी’ ही सर्वांत वरची पातळी आली.

बंदीत शेकोटी, कचरा जाळणे, फटाके, उडते आकाशदिवे हे तर येतेच. पण कडक बंदीत वेल्डिंग, ग्राइंडर आणि गवत कापायचे यंत्रही बंद ठेवावे लागते. यंत्राचे पाते दगडावर घासले तरी ठिणगी उडते. गॅसच्या शेगडीला पुष्कळ ठिकाणी सूट असते, कारण ती चावी फिरवताच विझते. वाळल्या गवतावर उभ्या केलेल्या गाडीचा तापलेला सायलेन्सरही आग लावू शकतो, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२० मध्ये एका घरगुती समारंभातील धुराच्या फटाक्याने पेटलेला वणवा ९,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरला. त्यात अग्निशमन दलाचा एक जवान मृत्युमुखी पडला.

बंदी नसतानाही आग नीट विझवणे महत्त्वाचे. निखाऱ्यांवर माती लोटून निघून जाण्याची सवय घातक आहे. मातीखाली धग टिकते आणि मुळे व कुजलेला पाला धुमसत राहतात. कधी काही दिवसांनी वारा सुटला की तीच आग वर येते. भरपूर पाणी ओतावे, राख काठीने ढवळावी, पुन्हा पाणी घालावे. मग तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहावी. ऊब लागली, तर आग विझलेली नाही.

वीज कोसळून किंवा विजेच्या तारांमुळे लागणाऱ्या वणव्यांवर नागरिकांवरील बंदीचा इलाज चालत नाही. शिवाय आग कायमचीच रोखली, तर जंगलात जळण साठत जाते आणि पुढचा वणवा अधिक भीषण होतो. म्हणून हवा दमट आणि वारा मंद असताना जाळरेषा काढतात, ठरावीक पट्टे मुद्दाम जाळतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी हे हजारो वर्षांपासून करत आले आहेत.