दोन्ही डब्यांवर ४×३२ लिहिलंय, मग फरक कुठं?

छर्‍याच्या बंदुकीवर लावायला स्वस्तातला, हलका स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, शोधायला निघालं की दोन डबे हमखास पुढ्यात येतात. दोन्हींवर ४×३२ छापलेलं, म्हणजे चारपट वाढ आणि पुढचं भिंग ३२ मिमीचं, दोन्हींची नळी एक इंची, रंग तोच काळा मॅट, वजनात उन्नीस-बीस. एक बनवलेला असतो टू-टू (.२२) रायफलसाठी, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका पडून उडणाऱ्या रिमफायरसाठी, आणि दुसरा एअरगनसाठी, म्हणजे छर्‍याच्या बंदुकीसाठी. बहुतेक वेळा रिमफायरवाला थोडा स्वस्त पडतो. वरून दुकानदार समजावतो, "भाऊ, हा टू-टूचा धक्का झेलतो, तुमच्या छर्‍याच्या बंदुकीचं काय घेऊन बसलात!" बोलणं पटण्यासारखं असतं. टू-टूच्या काडतुसात बारूद असते, एअरगनमध्ये नुसती हवा. बारूद झेलणारा स्कोप हवा झेलणारच की.

इथंच घोडं पेंड खातं.

आधी हे रिमफायर स्कोप कुणासाठी बनतात ते बघू. टू-टू लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेत १८८७ साली आलं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. तिकडं खार, ससा असल्या बारीक शिकारीला हीच रायफल खांद्यावर टाकून लोक दिवसभर रानात हिंडतात. म्हणून स्कोप हलका हवा, चारपट वाढ पुरे, आणि नेम धरायचा तो वीस ते पन्नास-साठ मीटरवर. हे सगळं गृहीत धरून कंपन्या तो स्कोप ५० यार्डांवर, म्हणजे साधारण ४५ मीटरवर, बेतून बंद करतात, म्हणजे त्या अंतरावरच नेम सगळ्यात बिनचूक दिसेल असा (का ते पुढं येईल). मोठ्या रायफलींचे स्कोप बहुतेक १०० यार्डांवर बेतलेले असतात.

आपल्याकडं ते काम उरलेलंच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ससा-तितरावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारवाडी होती, आता तिथं अभयारण्य आहे आणि आपण रविवारी पोराबाळांना घेऊन हरणं बघायला जातो. मग इथं स्कोप कशावर चढतो? टू-टू रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळं ती थोड्यांकडेच. २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला तो लागत नाही. म्हणून आपल्याकडं स्वस्त स्कोपचं गिऱ्हाईक म्हणजे गच्चीवर, बोळात नाहीतर शेतावर कागदी टार्गेट आणि रिकामे डबे उडवणारा एअरगनवाला. त्यातही बहुतेकांची बंदूक नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. ही स्प्रिंगच सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

टू-टू उडाली की रायफल मागं येते, खांद्याला हलकासा धक्का बसतो आणि संपलं. धक्का एकाच दिशेचा. स्प्रिंगवाल्या बंदुकीत चाप ओढला की दाबून बसलेली स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन पुढं फेकते. पिस्टन पुढं गेला म्हणून बंदूक मागं सरकते. इथवर टू-टूसारखंच. पण पिस्टन सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर जाऊन आदळतो आणि थबकतो, तेव्हा तीच बंदूक झटक्यात पुढं ओढली जाते. आधी मागं, मग पुढं, आणि हे सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात. हाताला दोन वेगळे झटके कळत नाहीत, एक विचित्र थरथर तेवढी जाणवते. स्कोपला मात्र दोन्ही कळतात.

साध्या रायफलीचा स्कोप मागच्या दिशेचा धक्का सोसायला बांधलेला असतो. आतली भिंगं ज्या खाचेवर टेकतात, ती खाच त्याच बाजूनं भक्कम असते, आणि दुसऱ्या बाजूनं नुसती पातळ आट्यांची कडी आवळलेली असते. उलटा झटका सगळा त्या कडीवर येतो. मग कडी सैल होते, क्रॉस, म्हणजे नेम धरायची आतली फुली, किंचित फिरतो, कधी त्या फुलीची तार तुटते. स्कोप हलवला की आत खुळखुळ वाजायला लागते. काच फुटलेली नसते, वरून सगळं ठीक दिसतं, पण छर्रे आज डावीकडं, उद्या वर. लोक छर्‍यांना दोष देतात, बंदुकीला देतात, स्वतःच्या हाताला देतात. एअरगनसाठीच्या स्कोपात भिंगं आणि क्रॉसची चौकट दोन्ही बाजूंनी आवळलेली असते. हा फरक बाहेरून दिसत नाही, म्हणून डब्यावर 'एअरगन रेटेड' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचायचं. नुसतं 'शॉकप्रूफ' हा शब्द सगळेच छापतात, त्याला काही अर्थ नाही.

नवल असं की मोठ्या बोअरच्या दोन-तीन रायफलींचे धक्के मुकाट्यानं सोसलेला महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंगच्या एअरगनवर मान टाकू शकतो. किंमत जास्त म्हणजे दोन्हीकडचा मार सोसणारच, असं नाही. गॅस पिस्टनवाली बंदूकही यातच धरा. तिच्यात स्प्रिंगच्या जागी गॅस असतो, पण पिस्टन आहे म्हणजे उलटा झटका आहे.

दुसरा फरक पॅरॅलॅक्सचा, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा, आणि हा घरी डोळ्यांनी बघता येतो. भिंतीवरच्या घड्याळाकडं बाजूनं पाहिलं की काटा मिनिटभर पुढं-मागं दिसतो, तसंच इथं. टार्गेटचं चित्र आणि क्रॉस स्कोपच्या आत एकाच पातळीवर पडले नाहीत, तर डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो. ज्या अंतरावर स्कोप बेतलेला आहे तिथं हे होत नाही. त्या अंतरापासून दूर गेलात की होतं, आणि जवळ आलात की फारच होतं.

बघायची रीत सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा आणि गव्हाच्या पोत्यावर ती पक्की टेकवा. समोर दहा मीटरवर कागदी टार्गेट चिकटवा. आता बंदुकीला हात न लावता नुसतं डोकं डावी-उजवीकडं, वर-खाली हलवा. ५० यार्डांवर बेतलेल्या ३२ मिमीच्या स्कोपातून बघाल तर क्रॉस टार्गेटवर चक्क फिरताना दिसेल. हिशेब असा की भिंगाचा अर्धा व्यास १६ मिमी, त्याला टार्गेटचं आणि बेतलेलं अंतर यांच्यातल्या फरकानं गुणायचं आणि बेतलेल्या अंतरानं भागायचं. दहा मीटरवर जास्तीत जास्त चूक येते सुमारे १२ मिमी. तेवीस मीटरवर ८ मिमी. पंचेचाळीसवर शून्य. १०० यार्डांवाला लावलात तर दहा मीटरवर ती १४ मिमीपर्यंत जाते. १२ मिमी किरकोळ वाटतील, पण दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर गुणांच्या रिंगा अडीच-अडीच मिमीवर असतात. म्हणजे नेम बरोबर दहावर असूनही डोळा कडेला राहिला म्हणून छर्रा पाचाच्या आसपास. वर टार्गेटही धूसर दिसणार, ते वेगळंच.

एअरगनच्या बऱ्याच स्कोपांना म्हणूनच पुढच्या भिंगाभोवती फिरणारी कडी असते. ती फिरवून स्कोप हव्या त्या अंतरावर बेतता येतो. तिला एओ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. तिच्यावर १०, १५, २५, ५०, १०० असे आकडे कोरलेले असतात. काहींवर ५ किंवा ७ पासून सुरुवात. हे आकडे यार्डांत असतात हे ध्यानात ठेवा, दहा मीटर म्हणजे जवळजवळ ११ यार्ड. पण आकड्यावर फार विसंबू नये. स्वस्त स्कोपांत तो ढोबळच असतो. डोकं हलवत कडी हळूहळू फिरवायची, आणि क्रॉस टार्गेटवर चिकटल्यासारखा वाटला की तिथं पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका टाकून ठेवायचा. काही स्कोपांना कडीच्या जागी डाव्या अंगाला गोल बटण असतं. बसल्या जागी फिरवायला ते सोयीचं, पण स्कोप महाग होतो आणि जडही. बिनएओच्या स्कोपाचं पुढचं भिंग फिरवून अंतर बदलायची एक युक्ती आहे खरी. मात्र तसं करताना आत भरलेला कोरडा वायू निघून गेला तर जुलै-ऑगस्टात काच आतून धुरकट होते. नव्या स्कोपावर हा उद्योग करू नये.

वजनाबद्दल लोक उगाच कमी बोलतात. ४×३२ चा साधा रिमफायर स्कोप ढोबळमानानं तीनशे ग्रॅमच्या आसपास असतो. एओची कडी आली की त्यात भर पडते. ४-१२×४० एओ, म्हणजे चार ते बारापट वाढ बदलता येणारा, घ्याल तर अर्ध्या किलोच्या घरात जाल, आणि ६-२४×५० असले राक्षस त्याच्याही पुढं. स्प्रिंगची बंदूक आधीच तीन किलोची असते. वर अर्धा किलो चढवला की ती डोक्याकडं जड होते आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात डुलायला लागते. शिवाय उलट्या झटक्यात जड स्कोप माउंटला, म्हणजे त्याला बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या पकडीला, जास्त खेचतो. बंदूक पुढं उडी मारते, स्कोप जागेवर राहू बघतो, आणि थोडाथोडा मागं सरकत जातो. बंदुकीच्या पाठीवरच्या ११ मिमीच्या डव्हटेल खाचेवर नुसत्या दाबानं बसलेल्या दोन सुट्या रिंगा याला पुऱ्या पडत नाहीत. एकसंध माउंट घ्या, त्याच्या खालून बंदुकीच्या भोकात जाणारी स्टॉप पिन असेल असा. टू-टूवर हलक्या सुट्या रिंगा चालून जातात. स्क्रू आवळायला चांगली अ‍ॅलन की इंदूरच्या सियागंज बाजारात कुठंही मिळते. डब्यातली फुकटची वापरून स्क्रूची डोकी गोल करून घेऊ नका.

वाढीचं खूळ तर बाजूलाच ठेवा. दहा ते पंचवीस मीटरवर चारपट भरपूर होते. नऊ किंवा बारापटीवर टार्गेट मोठं दिसतं, तशी हाताची थरथरही मोठी दिसते. शिवाय ३२ ला ४ नं भागलं की ८ मिमीचा उजेडाचा गोळा डोळ्याशी येतो, त्यात डोळा चटकन सापडतो. ४० ला १२ नं भागलंत तर तीन-साडेतीन मिमी उरतात, आणि नवशिका स्कोपातल्या काळोखात चित्र शोधत बसतो. स्वस्तात वाढ बदलणारा स्कोप म्हणजे हलणारे भाग जास्त, आणि झटक्यानं आधी सैल होतात ते हेच. बंदुकीबरोबर फुकट येणारा बारीक नळीचा ४×२० तर सरळ मुलांना दुर्बीण म्हणून द्यावा.

टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या स्कोपावरच्या गोल बटणावर, फिरवून अंतर लावायचे आकडे कोरलेले असतात काही रिमफायर स्कोपांवर. ते टू-टूच्या गोळीचे असतात, छर्‍याला लागू नाहीत. टरेट टकटक करत एकेक क्लिक फिरतं, त्या क्लिकचंही तसंच. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर सुमारे ७ मिमी सरकवतो, दहा मीटरवर जेमतेम पाऊण. म्हणजे एक सेंटिमीटर सरकवायला चौदाएक क्लिक. लोक चार क्लिक फिरवतात, भोक तिथंच पडतं, आणि स्कोप बिघडला म्हणून परत करायला निघतात.

शेजारचा मुलगा विचारत होता, "काका, नेमबाजीच्या अकादमीत नाव घालायचंय, तर कोणता स्कोप घेऊ?" तर कोणताच नाही. दहा मीटर एअर रायफल असो की पन्नास मीटरची टू-टू, दोन्हीत स्कोप चालत नाही. बारीक भोकाची पीप साइट असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेही तसंच. ते पैसे जॅकेटसाठी ठेवायला सांगितले त्याला.

मग घ्यायचा कोणता? स्प्रिंगची किंवा गॅस पिस्टनची बंदूक असेल तर एअरगन रेटेड ४×३२ एओ. तो न मिळाल्यास २-७×३२ एओ. ३-९×४० घ्यायचाच असेल तर एओ असलेलाच, आणि विकणाऱ्याकडून लेखी वॉरंटी घेऊन, कारण नामांकित ब्रँडचं नाव कोरलेला नकली माल याच आकड्यात सगळ्यात जास्त फिरतो. रिमफायर स्कोप आधीच घरात असेल तर तो फेकायचं कारण नाही. पंपानं हवा भरून ठेवायची पीसीपी बंदूक असते ना, तिच्यात जड पिस्टन नसतो, उलटा झटकाही नसतो. तिच्यावर तो वर्षानुवर्षं टिकेल. फक्त शेतावर तीस-पस्तीस मीटर जागा मिळत असेल तर. बोळातल्या दहा मीटरसाठी तिथंही एओच लागणार.

झिरो करताना, म्हणजे क्रॉस आणि छर्रा एकाच जागी आणताना, एकच सांभाळा. स्प्रिंगची बंदूक पोत्यावर थेट टेकवून मारू नका. हात पोत्यावर ठेवा, बंदूक तळहातावर सैल राहू द्या. आवळून धरलीत किंवा कडक जागी टेकवलीत तर दर वेळी ती वेगळी उडी मारते, आणि मग कितीही चांगला स्कोप असला तरी छर्रे एका जागी पडत नाहीत. दहा-पंधरा छर्रे मारून झाले की माउंटचे स्क्रू पुन्हा एकदा तपासा, आणि मगच टरेटला हात लावा.