सरकारी इमारतींमधला रॅम्प: सक्ती कधी आली आणि अडकली कुठे

सरकारी ऑफिसात रॅम्प नसेल तर बाबू लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, अहो इमारत जुनी आहे, त्या काळी असलं काही नव्हतं. आमच्या इंदूरला हे जरा जास्तच ऐकायला मिळतं कारण होळकरांच्या वेळच्या कितीतरी वास्तू अजून वापरात आहेत, उंच जोतं, दगडी पायऱ्या, वर दाराला उंबरा. त्या बांधणाऱ्यांना दोष द्यायचं कारणच नाही. पण सरकारी इमारतींत रॅम्प हवा म्हणणारा अपंगांचा कायदा येऊनसुद्धा आता तीस वर्षं होत आली, आणि या काळात बांधलेल्या इमारतींचं काय, त्यांनाही पायऱ्या आहेतच की. म्हणून हा कायदा आला कसा आणि इतकी वर्षं तो ढिला का राहिला ते जरा सविस्तर लिहितेय.

आकड्यांपासून सुरू करू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिक कॉलेजात शिकायला यायला लागले, तेव्हा इलिनॉय युनिव्हर्सिटीत टिमथी न्यूजंट यांनी व्हीलचेअरवाल्यांना चढ किती झेपतो, दार किती रुंद लागतं, वळायला जागा किती लागते हे प्रत्यक्ष मोजून बघितलं. त्यातून १९६१ मध्ये तिकडचं पहिलं स्टँडर्ड निघालं आणि १:१२ चा उतार जगभर गेला, आपल्याकडेही तोच आहे. म्हणजे एक फूट वर चढायचं तर बारा फूट लांब रॅम्प. आता हिशोब करा, सहा-सहा इंचाच्या सहा पायऱ्या म्हणजे तीन फूट उंची, म्हणजे छत्तीस फुटांचा रॅम्प, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. आणि प्रत्यक्षात काय होतं, तर त्याच सहा पायऱ्यांच्या कडेला नऊ-दहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी ओततात. माझे काका व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्या पेन्शनच्या कामाला एका ऑफिसात गेलो तर असाच रॅम्प, दोघांनी मागून ढकललं तरी खुर्ची मागे येत होती, शेवटी दोन शिपायांनी काकांना खुर्चीसकट उचलून नेलं. सगळे अगदी प्रेमानं वागले, पण काका घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. कागदावर त्या ऑफिसात "रॅम्प आहे" असंच लिहिलेलं असणार.

आपल्याकडच्या कायद्याची सुरुवात बाहेरूनच झाली म्हणायची. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, मग १९९२ ला बीजिंगमध्ये आशिया-पॅसिफिक देशांची बैठक झाली आणि १९९३ पासूनचं दशक अपंगांसाठी जाहीर झालं, त्यावर भारताचीही सही होती. पण सही झाली म्हणून कायदा होत नसतो, त्यासाठी अपंग हक्क कार्यकर्ते जावेद आबिदींसारखी माणसं रस्त्यावर उतरली, आबिदी स्वतः व्हीलचेअर वापरायचे. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेनं कायदा पास केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. सरकारी इमारतींत रॅम्प, व्हीलचेअर जाईल असं टॉयलेट, लिफ्टमध्ये ब्रेल आणि आवाज, सगळं त्यात लिहिलेलं होतं. फक्त सुरुवातीला एक अट होती, सरकारची आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत. झालं! कुवत नाही म्हटलं की विषय संपला, आणि कुवत आहे की नाही हे ठरवणार कोण तर ज्याला खर्च करायचा आहे तोच. माझ्या मते पुढची वीस वर्षं या एका अटीनं खाल्ली.

जे झालं ते कुणीतरी भांडलं म्हणून, आणि तेही बहुतेक तात्पुरतं. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले तेव्हा कुतुबमिनार आणि जंतरमंतरला त्यांच्यासाठी लाकडी रॅम्प लागले, म्हणजे मनात आणलं तर पटकन होतं. २००४ च्या निवडणुकीच्या वेळी आबिदींनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं तेव्हा मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प लावायचे आदेश निघाले. मतदान केंद्र म्हणजे बहुतेक सरकारी शाळाच ना, मग तिथल्या मुलांना वर्षभर पक्का रॅम्प का नको?

२००७ ला भारतानं संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला आणि मग जुना कायदा बदलणं भागच होतं. तरी नवा कायदा यायला डिसेंबर २०१६ उजाडलं. त्याच्या एक वर्ष आधी, ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं होतं, इमारतींचं ऑडिट करा, दुरुस्त करा, तारखा दिल्या, त्या पुढे पुढे सरकत जून २०२२ पर्यंत गेल्या.

२०१६ चा कायदा मात्र खरंच वेगळा आहे. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, कुवतीची अट इमारतींच्या कलमांतून गेली. कलम ४४ सांगतं की नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगीच नाही आणि पूर्णता प्रमाणपत्रही नाही. कलम ४५ नं जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली, नियम आले १५ जून २०१७ ला, म्हणजे जून २०२२ ला मुदत संपली. दंडही आहे, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख.

मग अडकलं कुठे? तर नियमांत. नियम १५ नं काय केलं, की २०१६ च्या गाइडलाइन्स बघा एवढंच सांगितलं, आणि त्या गाइडलाइन्सची भाषा बऱ्याच ठिकाणी सल्ल्याची, असं करावं, तसं केलेलं बरं. राजीव रतुरी म्हणून दृष्टिबाधित कार्यकर्ते आहेत, त्यांनी रस्ते, वाहतूक आणि इमारतींसाठी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, त्यावर डिसेंबर २०१७ मध्ये सविस्तर आदेश आले, पण खरा निकाल ८ नोव्हेंबर २०२४ चा. कोर्टानं सांगितलं की कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक असं चालणार नाही, नियम १५(१) कायद्याच्या विरुद्ध आहे, किमान काय हवंच ते वेगळं काढून केंद्रानं तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत. जे १९९६ लाच व्हायला हवं होतं.

सक्ती नसली की काय होतं ते आमच्या बीआरटीएसवर, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गावर बघा. २०१३ ला सुरू झाला तेव्हा स्टॉपचा प्लॅटफॉर्म आणि बसचा फ्लोअर एकाच उंचीला होते, शहरातल्या साध्या बसच्या पायऱ्या ज्यांना जमत नाहीत त्यांना ही फार मोठी सोय होती. २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर तो तोडायला घेतला, चर्चा सगळी ट्रॅफिकची. ट्रॅफिकचा त्रास खराच होता, मी नाही म्हणत नाही, पण चढण्या-उतरण्याची ही सोय जाणार त्याचं काय, हे विचारणारे फार कमी भेटले. आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर न सोडणाऱ्या शहराला कुवत नाही असं कोण म्हणेल?

आता आपल्या हातात जे आहे ते एवढंच, की नवीन सरकारी इमारत उभी राहिली की निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, माहितीच्या अधिकारात दोन कागद मागायचे, पूर्णता प्रमाणपत्र आणि ॲक्सेस ऑडिट, म्हणजे अपंगांना इमारत वापरता येते का याची तपासणी. पहिला आहे आणि दुसरा नाही असं निघालं तर कलम ४४ दाखवून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, आणि सोबत रॅम्पची लांबी आणि जोत्याची उंची टेपनं मोजून लिहून द्यायची.