६९ व्या माणसाचं गणित

"बँका बुडवतात हे आणि सरकार भरतं आपल्या टॅक्समधून", हे वाक्य पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतं. राग रास्त आहे, पण संकटात घाईघाईने जे बँक वाचवायचे कायदे होतात त्यांचं मुख्य काम पैसे वाटणं नसतंच. ते काम गणिताचं आहे आणि ते गणित मला भयंकर आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एक छोटी सहकारी बँक आहे, १०० ठेवीदार, प्रत्येकाचे १ लाख, म्हणजे एकूण १ कोटी. हे पैसे तिजोरीत पडून नसतात. २० लाख रोख हाताशी आणि ८० लाख कुणाला फ्लॅटसाठी, कुणाला दुकानासाठी कर्जाऊ दिलेले. कर्ज फिटायला १५-२० वर्षं लागणार, ठेव मात्र मागाल तेव्हा परत. एरवी दिवसाला दोनचार जणच पैसे काढायला येतात म्हणून हे निवांत चालतं. आता अफवा उठली आणि सगळे एकदम आले तर बँकेला ती कर्जं मिळेल त्या भावात विकावी लागणार, घाईच्या विक्रीत रुपयाला ६० पैसे मिळाले असं धरू. ८० लाखांचे झाले ४८ लाख, त्यात रोख २०, एकूण ६८ लाख. म्हणजे रांगेतल्या पहिल्या ६८ जणांना पूर्ण पैसे आणि ६९ व्याच्या हाती शून्य.

आता गंमत बघा, बँक मुळात बुडीत नव्हतीच, सगळी कर्जं चांगली होती! कुणीच आलं नसतं तर सगळ्यांना सगळे पैसे मिळाले असते, म्हणजे "बाकीचे थांबणार असतील तर मीही थांबतो" हे शहाणपण आणि "बाकीचे पळणार असतील तर मी आधी पळतो" हेसुद्धा तितकंच शहाणपण. गेम थिअरीच्या, म्हणजे बाकीचे काय करतील ते धरून आपण काय करायचं या गणिताच्या भाषेत इथे दोन समतोल आहेत, म्हणजे अशा दोन स्थिती जिथे एकट्याने वेगळं वागून कुणाचाच फायदा नाही, दोन्ही स्वतःच स्वतःला खरे करतात, आणि एकातून दुसऱ्यात जायला नुसती अफवा पुरते, ती खोटी असली तरी. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी हे १९८३ मध्ये समीकरणांत मांडलं आणि २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना बेन बर्नान्के यांच्यासोबत मिळालं. बँकेला साडेसाती लागली म्हणणाऱ्यांनी यात शनी कुठे बसतो ते दाखवावं.

मग कायदा काय करतो? ६९ व्या माणसाला सांगतो की तुझेही पैसे मिळतील. त्याने यावर विश्वास ठेवला की त्याला पहाटे येऊन उभं राहायचं कारणच उरत नाही, त्याला नाही तर ६८ व्यालाही नाही, पळापळीचा समतोल गायब. हमी जितकी पक्की तितकी ती द्यावी लागण्याची वेळ कमी येते. अर्धवट हमी मात्र चालत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या तेव्हा पहिल्या २,००० पौंडांचीच पूर्ण हमी होती, पुढच्या ३३,००० वर ९० टक्केच, म्हणजे रांगेत उभे राहिलेले लोक गणिताने बरोबरच होते. सरकारने सगळ्या ठेवींची हमी जाहीर केली आणि रांगा ओसरल्या.

अमेरिकेत १९३३ साली नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने आल्या आल्या देशभरातल्या बँका बंद ठेवल्या, ९ मार्चला एका दिवसात कायदा पास झाला, छापील प्रती वाटायलाही वेळ नव्हता. रविवारी रेडिओवरून त्याने लोकांना समजावलं, सोमवारी बँका उघडायला लागल्या तर लोक पैसे भरायला रांगेत! तिथलाच २००८ चा बँका वाचवायचा ७०० अब्ज डॉलरचा कायदा प्रतिनिधीगृहाने २९ सप्टेंबरला आधी फेटाळला, त्या दिवशी तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स ७७७ अंकांनी कोसळला, मग ३ ऑक्टोबरला सही झाली. त्यातले साधारण २४५ अब्ज बँकांत भांडवल म्हणून गेले आणि सरकारकडे त्याहून जास्त परत आले. अर्थात कर्जंच बोगस असतील तर कुठलीही हमी जादू करत नाही, खड्डा कुणीतरी भरावाच लागतो, आणि संचालक मोकाट सुटले तर पुढच्या वेळी ते आणखी बेफिकीर होतात, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

आपल्याकडे ठेव विमा १९६२ पासून आहे, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. पण इथे अडचण वेळेची होती. पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे पैसे काढण्यावरचे निर्बंध आले फेब्रुवारी २०१३ मध्ये, लायसन्स गेलं सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि जुन्या नियमात लायसन्स जाईपर्यंत विम्याचे पैसे मिळायचेच नाहीत. पेठेतल्या बँकेच्या अर्ध्या उघड्या शटरवर चिकटवलेली नोटीस, समोर प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक घेतलेले आजोबा, त्यांना "विमा आहे हो काका" सांगून औषधांचं बिल भागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने हे बदललं, आता निर्बंध आल्यावर ९० दिवसांत पैसे द्यावे लागतात. माझ्या मते ठेवीदारांसाठी अलीकडे झालेला हा सगळ्यात उपयोगी कायदा.

आणि एक गैरसमज काढून टाका. कोथरूड, हडपसर, सिंहगड रोड अशा एकाच बँकेच्या तीन शाखांत एफडी ठेवली की विमा तिप्पट होत नाही, एका बँकेतल्या एका नावावरच्या सगळ्या ठेवी व्याजासकट एकत्र धरतात आणि वर ५ लाखांची मर्यादा लागते. बँका वेगवेगळ्या असल्या तर मात्र प्रत्येकीत ५ लाख वेगळे.